तबकडीमागची खूण

मंगळवार, ४ फेब्रुवारी

धाकट्या,

सर्वात आधी एका पेन्सिलीविषयी माझी गंभीर तक्रार नोंदवून घे. ती दोन बोटं लांब आहे, तिच्या मागे खोडरबर नाही, आणि तिने मला साठ प्रश्नांची उत्तरं लिहायची आहेत. ज्या इस्पितळाला चार मजल्यांसाठी लिफ्ट परवडते आणि लिफ्टमध्ये आरसा परवडतो, त्याला माणसाच्या हातात अख्खी पेन्सिल देता येऊ नये, ही गोष्ट मी सहजासहजी विसरणार नाही. तू अशाच एका जागी नोकरी करतोस. तुमच्याकडेही असल्याच थोटक्या पेन्सिली देतात का, ते कळव.

एवढं वाचून तू पान उलटून सही बघितली असशील. हो, मीच. कोणी गेलेलं नाही, कोणी अंथरुणाला खिळलेलं नाही, वर्कशॉप विकायचं निघालेलं नाही. अकरा वर्षांनी लिहितेय ते निव्वळ कामासाठी. फोन केला असता, पण तू आवाजावरून माणूस ओळखतोस आणि मला ते आवडत नाही.

झालं असं. गेल्या आठवड्यात त्या इस्पितळात नवजात बाळांचा वजनकाटा बघायला गेले होते. काटा प्रत्येक बाळाला साठ ग्रॅम बक्षीस देत होता. आया खूश, डॉक्टर बुचकळ्यात. स्प्रिंग बदलली, बाळांना जमिनीवर आणलं आणि निघाले, तर व्हरांड्यात एक चष्मेवाली मुलगी टेबल मांडून बसलेली. तिचं संशोधन चाललंय. अंगमेहनतीचं काम करणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायका-पुरुषांचे स्वभाव कसे असतात, आणि त्या स्वभावापायी त्यांच्या तब्येतीचं काय होतं, असा विषय. भाग घेणाऱ्याला थर्मास फुकट. थर्मास चांगला जाड पत्र्याचा होता. बसले.

मी तिला प्रश्नताई म्हणते. तिच्या कागदावर साठ शब्द आहेत. आक्रमक, कोमल, स्वावलंबी, दुसऱ्याचं मन जपणारी, अशी सगळी खिचडी. प्रत्येकापुढे एक ते सात आकडे. एक म्हणजे अजिबात नाही, सात म्हणजे पुरेपूर.

"मॅडम, 'कोमल'पुढे तुम्ही शून्य लिहिलंय. एकापासून सुरू होतं."

"मग तू एक कर. तुझ्या जबाबदारीवर."

"आणि 'मदत मागते'पुढे काहीच नाही."

"कारण मला तो प्रश्न कळला नाही. कशासाठी मागायची?"

तिने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मला जरा मोठेपणा वाटला, खोटं कशाला सांगू.

मग तिने दंडाला पट्टा बांधला. एकशे शहाऐंशी. पोरीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "यंत्र बिघडलंय तुझं. पाना आण, दहा मिनिटांत लावून देते." ती हसली नाही. बाबांचं ते तबकडीवालं यंत्र घरी आहे ना, त्यावर मी रोज सकाळी स्वतःचा रक्तदाब बघते. एकशे बावीस. रोज. तेव्हा त्या बाबतीत तुला चिंता करायचं कारण नाही. करणार असशील असं नाही म्हणा.

आता काम. सोबत कोरा फॉर्म आहे. "आपणास लहानपणापासून ओळखणाऱ्या व्यक्तीने" हेच साठ शब्द माझ्याबद्दल भरायचे, पाकीट बंद करून मला पाठवायचं, आणि मी ते न उघडता प्रश्नताईला द्यायचं. लहानपणापासून ओळखणारं माझं आता दुसरं कोण उरलंय? वर्कशॉपातला हळूमामा आहे, पण तो एकेका शब्दाला एक आठवडा लावेल. साठ आठवडे थर्मास कोण अडकवून ठेवणार?

आणि खरी बातमी अजून पुढेच आहे. मला ट्रक तोलायचा काटा उभारायचं काम मिळालंय. साठ टनांचा. दगडांच्या खाणीबाहेर, माल भरलेला अख्खा ट्रक वर चढतो आणि खिडकीत आकडा येतो. आपल्या गल्लीत आजवर तराजू झाले, पोत्यांचे काटे झाले, ट्रकचा काटा कोणीही केलेला नाही. लोखंडी फळ्या बसल्या, खड्डा भरला, आकडा हलायला लागला. सत्तावीस तारखेला वजनमाप खात्याचा निरीक्षक येऊन शिक्का मारणार. पहाटे चारला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही, एवढा आनंद आहे.

तुझी बारीक वजनांची लाकडी पेटी अजून आहे का? उगाच विचारलं.

पेन्सिल सोबत पाठवतेय. मी एकटीने का सोसावं?

— वर सही शोधलीस तीच


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावर तू ठळक अक्षरात लिहिलंस, "उघडू नये." मी उघडलं. उघडू नये असं लिहिलेल्या वस्तू उघडून माझं पोट भरतं, हे तुला ठाऊक असताना तू ते लिहिलंस, तेव्हा दोष अर्धा तुझा.

तुझा फॉर्म मी कामावरच्या टेबलावर ठेवून तीनदा वाचला. हळूमामा दोनदा चहा विचारून गेला. तिसऱ्यांदा न विचारताच ठेवून गेला, म्हणजे माझ्या तोंडावर काहीतरी दिसत असणार.

निर्णय चटकन घेते: सात. मान्य. स्पर्धेत उतरते: सात. मान्य. संकटात डगमगत नाही: सात, आणि पुढे तू प्रश्नचिन्ह काढलंस, ते मी दुर्लक्षिलं. मदत मागते: एक. हरकत नाही. 'सहज रडते' याच्यापुढे आकडा सोडून लिहिलंस, "माहीत नाही. दार बंद असायचं." हे प्रश्नताईच्या नियमांत बसत नाही आणि मलाही ते विशेष रुचलेलं नाही.

पण 'कोमल'पुढे सहा? सहा? धाकट्या, या गल्लीत मला कोमल म्हणणारा माणूस गल्लीच्या टोकापर्यंत धड पोचला नसता. लग्नाला मागणी घालायला आलेल्या तिघांपैकी एकालाही वीस किलोचं वजन एका हाताने उचलता आलं नाही म्हणून मी तिघांनाही चहा पाजून परत पाठवलं. बाबा चारचौघांत सांगायचे, "माझा मुलगा हिच्यात आलाय." तेव्हा तू शेजारीच बसलेला असायचास, बारीक वजनं रेशमी फडक्याने पुसत. ते वाक्य तुझ्याकडे तोंड करून म्हटलं जायचं, हे मला तेव्हाही कळत होतं. मला ते आवडायचं. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

सहा कशावरून दिलेस, यावर मी दोन दिवस विचार केला. एकच गोष्ट सापडली. तुझ्या शाळेच्या कंपासपेटीची कड बोटं कापायची, ती मी तुला न सांगता कानशीने घासली होती. त्यावरून दिले असशील तर ते आकडे मागे घे. कड धारदार होती म्हणून घासली. तो धंदा आहे, कोमलपणा नव्हे.

प्रश्नताईला तुझा फॉर्म दिला. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि तिचे डोळे लकाकले. मला म्हणाली, "मॅडम, बाई की पुरुष हा रकाना वेगळा आणि स्वभावाचा रकाना वेगळा. लोक दोन्ही एकत्र भरतात."

"आमच्या गल्लीने तर शाईने भरले होते," मी म्हटलं.

मग तिने सांगितलं की आतापर्यंत तिच्याकडे दीडशे माणसं झालीत. धडाडीची माणसं एरवी बरी दिसतात, हसतखेळत असतात. पण त्यांच्यातली काही "मला जमतं, मला जमतं" म्हणत दुखणं अंगावर काढतात. काही दुसऱ्या टोकाची, "आधी तुमचं होऊ दे" म्हणत स्वतःचं औषध घ्यायचं विसरतात. दोन्ही शेवटी तिच्याच टेबलासमोर येऊन बसतात. मी विचारलं, मग बरी राहतात ती कोण? ती म्हणाली, "ज्यांना दोन्ही येतं. ओझं उचलताही येतं आणि 'जरा धरा हो' म्हणताही येतं." पोर बावीस-तेवीसची असेल. असलं काही आपल्याला कोणी त्या वयात सांगितलं असतं तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं. मी तरी काढलं असतं.

फॉर्मच्या तळाला तू एक ओळ लिहिलीस. "ताई, घरचं यंत्र कोणी उघडलं?"

कोण उघडणार? बाबांच्या वस्तूला कोण हात लावतंय? तसंच आहे ते, कपाटात. प्रश्नच विचित्र.

पण ताई लिहिलंस. ते मी पाहिलं.

काट्याचं काम जोरात आहे. कोपऱ्याला कोपरा जुळतोय. चारही कोपऱ्यांवर एकच वजन ठेवलं तर आकडा तोच येतो, अशी वेळ रोज येत नाही. सकाळी उठल्यापासून पाय जमिनीवर नसतात.

— ताई


बुधवार, १९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं. साडेचार ओळी. अकरा वर्षांच्या मानाने ओळीला जरा जास्तच वर्षं पडली, पण तक्रार नाही. त्यातली शेवटची अर्धी ओळ मी दिवसभर चघळतेय. "आतली तारीख वाचून कळव."

तू काट्यावाल्याच्या घरातला आहेस हे मी विसरलेच होते. कुठलाही काटा उघडला की झाकणाच्या आत आपली खूण आणि तारीख कोरायची, म्हणजे पुढे उघडणाऱ्याला कळतं, कोणी कधी हात घातला. बाबांनी आपल्याला अक्षरं शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. म्हणून तू "उघडलं का" असं नाही विचारलंस. तारीखच विचारलीस.

थांब. आधी कालचं सांगते.

काल खाणीवर रंगीत तालीम होती. वीस किलोची पन्नास वजनं फळीवर चढवायची, मग उतरवायची. एक टन. ही वजनं बाबा नेहमी स्वतः चढवायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत, म्हणून मीही तेच करते. बारापर्यंत बाबांची लेक होते. तेराव्याला जमीन एका बाजूला कलली. मी वजन खाली ठेवलं आणि हळूमामाला म्हटलं, "जमीन वाकडी आहे. पाणसळ आण."

हळूमामा तुला आठवतो. "दार लाव" म्हटलं तर आधी दाराकडे बघतो, मग आपल्याकडे, मग उठायचा विचार करतो. काल तो धावत आला. पासष्टीचा माणूस, मी त्याला धावताना कधी पाहिलेलंच नाही. माझा दंड धरून मला फळीवर बसवलं आणि म्हणाला, "पोरी, तुझे बाबाही हेच म्हणाले होते. पाणसळ मागितली होती."

"मग?"

"मग मी आणायला गेलो. नेहमीच्या चालीने."

  आम्ही दोघं साठ टनांच्या काट्यावर बसून होतो आणि खिडकीत आकडा दिसत होता. माझं, त्याचं आणि तेरा वजनांचं मिळून. चारशे दोन. तिथेसुद्धा मी मनात हिशेब केला, आकडा बरोबर आहे का. आहे. आता विचार कर, मी कसल्या माणसांपैकी आहे.

तर, यंत्र. यंत्र मी उघडलं. गेल्या मार्चमध्ये.

सकाळी सकाळी डोकं ठणकायला लागलं होतं म्हणून पट्टा बांधून बघितलं. तबकडीवर एकशे चोपन्न. मी काय म्हटलं असेल ते तू सांगू शकशील. यंत्र बिघडलंय. काच काढली, काटा काढला, तबकडी उचलली. आत बाबांची खूण होती. त्रिकोण आणि मध्ये टिंब. खाली तारीख.

ती तारीख त्यांच्या जाण्याआधी नऊ दिवसांची आहे.

तू बाबांना पट्टा बांधलास त्याच्या चार दिवस आधीची.

समजलं ना? आतली तरफ सरकवलेली होती. अगदी थोडी, केसाएवढी, बाबांच्या हाताची सफाई. अशी सरकवली की शून्यावर काटा शून्यच दाखवतो, कोणाला संशय येत नाही. वर चढताना मात्र कमी चढतो. त्यांना स्वतःचा आकडा कळला होता आणि तो कोणाला दिसू नये म्हणून त्यांनी यंत्रालाच गप्प केलं. आणि सवय अशी दांडगी, की खोटेपणा केला तोही खूण कोरून, तारीख घालून, नियमाप्रमाणे.

तू त्या दुपारी म्हणत होतास, बाबांचा चेहरा बरोबर नाही, त्यांना दवाखान्यात नेऊ. तू मोजलंस. एकशे तीस आलं. मी सगळ्यांसमोर तबकडीवर बोट ठेवून म्हटलं, "बघ, रडूबाई, काटा काय सांगतोय." बाबा हसले. आता वाटतं, ते जरा उशिराच हसले. पाचव्या दिवशी अंगणात वीस किलोचं वजन हातात असताना ते गेले. आणि लोक जमले, आणि तू म्हणालास, "मी सांगत होतो," आणि मी म्हटलं,

"मोजलं तर तूच होतंस ना."

मी हे वाक्य अकरा वर्षांत कुठे उच्चारलेलं नाही. लिहून बघितलं, तर पाच शब्द आहेत. वाटलं होतं, जास्त असतील.

आता सगळ्यात वाईट भाग. गेल्या मार्चपासून मला माहीत होतं की तुझं मोजणं चुकलं नव्हतं. यंत्राला आधीच खोटं बोलायला शिकवलेलं होतं. अकरा महिने मला हे माहीत आहे. तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर गल्लीत सगळ्यात धीट म्हणून ज्यांचं नाव निघतं ते बाबा एका आकड्याला घाबरले होते, हे लिहावं लागलं असतं. आणि मी रडूबाई कोणाला म्हणत होते, याचाही पुन्हा विचार करावा लागला असता.

आणि तेव्हा मी काय केलं असेल? यंत्र आधीच कमी दाखवतंय, म्हणजे माझा खरा आकडा एकशे चोपन्नच्या बराच वर आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी हातात बारीक चिमटा घेतला आणि तरफ अजून जरा सरकवली. मग बाबांच्या खुणेशेजारी माझी खूण कोरली. तारीख घातली. काच बसवली. एकशे बावीस.

सगळ्या जगात हा आजार फक्त आपल्या घरात होऊ शकतो. दुसऱ्या कोणाला यंत्र उघडताच आलं नसतं.

पुन्हा वाचलं तर हे पाकिटात घालणार नाही, म्हणून आत्ताच टपालात टाकायला जातेय. हळूमामाला दिलं असतं, पण तू म्हातारा होईपर्यंत ते पोचलं नसतं.

— ताई


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

धाकट्या,

शिक्का बसला. काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. साठ टनांच्या काट्याला चूक किती निघाली ऐक: काहीच नाही. निरीक्षकाने दोनदा तपासलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा तपासलं, मग म्हणाला, "बाई, हा काटा कोणी लावला?" मी म्हटलं, "माझ्यासमोर दुसरी कोणी बाई दिसतेय का?" माणूस चांगला निघाला. हसला.

पण मजा त्याच्या आधीची. वजनं मी उचलली नाहीत. नीट वाच. पन्नासच्या पन्नास वजनं, आणि मी एकालाही हात लावला नाही. मला खुर्चीवर बसवलं होतं. हळूमामाने घरून खुर्ची आणली होती, पाठीला उशी बांधून. मी तिथे महाराणीसारखी बसले आणि समोर पंधरा ट्रक रांगेत उभे, ड्रायव्हर खाली उतरून तमाशा बघताहेत. हळूमामाने पहिलं वजन उचललं. त्या वेगाने शिक्का पुढच्या वर्षी बसला असता. निरीक्षक घड्याळ बघायला लागला. तेव्हा मी ते वाक्य म्हटलं. आधी घसा साफ केला. मग रांगेतल्या पहिल्या ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, जरा उचलू लागता का?"

मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. तो म्हणाला, "एवढंच ना? मला वाटलं, ट्रक उचलायला सांगताय."

सहा जण आले. पंचवीस मिनिटांत एक टन वर. एक जण तर दोन-दोन वजनं घेऊन गाणं म्हणत होता. एक्कावन्न वर्षांची झाले आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं की लोक इतक्या चटकन येतात.

प्रश्नताईही आली होती, पट्टा घेऊन. कारण तुझ्या पत्राआधीच मी तिच्याकडे गेले होते, तबकडी फडक्यात गुंडाळून. तिला सगळं दाखवलं, दोन्ही खुणा. तिने दोन्हींवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मावशी, माझ्या साठ शब्दांत हे कुठेच बसत नाही." पहिल्यांदाच मॅडमची मावशी झाले. तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, मला फैलावर घेतलं, आणि हो, त्यांनाही मी म्हटलं की तुमच्या खोलीतला काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवतो. सवय एका दिवसात जात नाही. काल खुर्चीवर बसल्या बसल्या मोजलं तर एकशे अठ्ठेचाळीस. अजून जास्तच आहे, पण खरं आहे.

आता तुझं पत्र. आठ पानं. मी मोजली. त्यांतली साडेसात पानं दुसऱ्यांची. सासूबाईंच्या पाठीच्या जखमा, रोज दोनदा तू धुतोस. वॉर्डातल्या म्हाताऱ्याला तुझ्याशिवाय कोणाच्या हातून जेवायचं नाही. सोबतच्या नर्सचं मूल आजारी म्हणून तिच्या पाळ्याही तूच करतोस. बायकोची बदली, धाकटीची परीक्षा. आणि आठव्या पानाच्या मध्यावर, बाकीच्या सगळ्यांची चौकशी संपल्यावर, अर्धी ओळ: "माझं पोट जरा जळतं, आणि झोप तीन तास होते, बाकी ठीक."

बाकी काय उरलं, धाकट्या?

मी तो कागद प्रश्नताईपुढे धरला. तिने फक्त विचारलं, "भाऊ तुमच्याहून लहान ना?" मग स्वतःच म्हणाली, "दुसऱ्या टोकाचा." म्हणजे आपल्या आईबाबांनी दोन टोकं बरोबर वाटून दिली, मधलं कोणालाच दिलं नाही.

आणि सहाव्या पानावरची ती ओळ. "अकरा वर्षं मी प्रत्येकाचा दाब दोनदा मोजतो. आकडा बरा आला तरी चेहऱ्याकडे बघतो. त्या दिवशी मी आकड्यावर विश्वास ठेवला आणि चेहऱ्यावर नाही, असं वाटायचं." ती वाचून मी कामावरून उठले आणि आतल्या खोलीत गेले. दार उघडंच ठेवलं होतं. हळूमामाने बघितलं. तो रडण्याचा प्रश्न आता तू भरू शकतोस. आकडा चार घाल, जास्त नको.

तू माफ केलं असं कुठे लिहिलेलं नाहीस. मी शोधलं. बरं केलंस. घाई नाही.

यंत्र काल संध्याकाळी जाग्यावर आणलं. तीन तोंडांची नळी घेऊन इस्पितळातलं यंत्र आणि बाबांचं यंत्र एकाच फुग्याला जोडलं. फुगा दाबला, दोन्ही काटे बरोबर चढेपर्यंत तरफ मागे सरकवली. दहा मिनिटं लागली. बाबांची खूण खोडली नाही. माझीही नाही. त्याच्याखाली तिसरी कोरली आणि कालची तारीख घातली. पुढे कोणी उघडलं तर त्याला सगळं ओळीने वाचता येईल.

आता दोन गोष्टी. एक, दहा मार्चला, सोमवारी, सकाळी दहाला हृदयाची तपासणी आहे. फिरत्या पट्ट्यावर पळवतात म्हणे. सोबत कोणीतरी आणा, असं कागदावर लिहिलंय. मी हळूमामाला विचारलं, त्याने मान हलवली, म्हणजे तो अकराला पोचेल. तुला जमलं तर तू ये. सासूबाईंना एक दिवस बायको बघेल, वॉर्डातल्या म्हाताऱ्याला एक दिवस दुसऱ्याच्या हातून जेवता येईल. जरा धर, असं म्हणतेय. हे मी कोणी सांगितलं म्हणून लिहीत नाहीये. मला भीती वाटते, धाकट्या. फॉर्मवर हा शब्द नव्हता, नाहीतर तिथेच लिहिला असता.

दोन, सोबत फॉर्म आहे. तुझ्याबद्दलचा, मी भरलेला. लहानपणापासून ओळखणारी व्यक्ती मीच आहे, तेव्हा वाद नको. धीट: सात. 'मदत मागतो'पुढे एक टाकला आणि त्या एकावर पेन्सिलीचं टोक मोडलं. तीच पेन्सिल. तू ती पत्रातून परत पाठवलीस, याबद्दल स्वतंत्रपणे बोलू. कोरा फॉर्मही ठेवलाय, तू स्वतः भर, प्रश्नताईला एकशे एक्कावन्नावा माणूस हवाय. थर्मास मी तुझ्यासाठी मागून घेतला आहे. पार्सलमध्ये आहे.

थर्मासच्या आत कागदात गुंडाळलेलं काहीतरी सापडेल. झटकून टाकू नकोस, फार लहान आहे. बाबा गेले त्या आठवड्यात सोनाराचा काटा लावायला मी तुझ्या पेटीतून घेतलं होतं आणि संध्याकाळी देते म्हटलं होतं. पेटी अजून आहे असं तू पाचव्या पानावर लिहिलंस, एका रिकाम्या खाचेबद्दल काही लिहिलं नाहीस.

दोन ग्रॅमचं आहे. पाठवायच्या आधी तीनदा तोललं. दोनच भरलं.

— ताई